आत्याची १९६५ ची मॉरिस मायनर: मूळ रूपात आणू की बदल करू?

हिरवी_मायनर

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

आत्याची मॉरिस मायनर माझ्याकडे आली आहे. १९६५ ची, चार दारांची, १०९८ सीसी इंजिन, फिकट हिरवा रंग. अकरा वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. आत्या आता ८१ वर्षांची आहे. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा तिनं गाडी चालवणं थांबवलं. किल्ली हातात ठेवताना एवढंच म्हणाली, "नुसती उभी ठेवू नकोस."

गाडीची अवस्था: डावीकडच्या सीटखाली पत्रा गंजून आरपार भोक. जॅकिंग पॉइंट बोटानं दाबला तर आत जातो. इंजिन हातानं फिरतंय. ब्रेक जाम. रबराच्या सगळ्या वस्तू लाकडासारख्या कडक झाल्यात. रंग खडूसारखा पांढुरका पडलाय, पण डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तो अजून जसाच्या तसा आहे.

मनात दोन बेत आहेत. पहिला, कारखान्यातून निघाली तशी करायची, नट-बोल्टपर्यंत. दुसरा, बाहेरून मायनरच ठेवायची, पण आत १२७५ चं इंजिन, पाच गिअर, पुढे डिस्क ब्रेक, अल्टरनेटर, सीटबेल्ट. बायकोचं म्हणणं स्पष्ट आहे: ब्रेक आणि बेल्ट नीट नसतील तर लेक या गाडीत बसणार नाही. मला ते पटतं. पण आत्यानं तीस वर्षं जी गाडी चालवली ती उघडून तिच्यात दुसरीच गाडी भरायची, याला हात धजावत नाही.

काहीही केलं तरी मधल्या काळात कुणीकुणी केलेले उद्योग आधी काढून टाकणार आहे. क्लचच्या पेडलवर लाकडाचा ठोकळा बोल्टनं आवळलाय, डॅशबोर्डला दोन भोकं आहेत, मागच्या काचेशी जादा दिवा लावलाय.

तुम्ही काय कराल?

ग्रीसगन

गाडी घरातच राहिली याचा फार आनंद झाला.

इंजिन, गिअर, डिस्क हे सगळं क्षणभर बाजूला ठेवा. गाडीचं तोंड उचलून स्टँडवर घ्या आणि पुढच्या दोन्ही चाकांचे ट्रनियन बघा. मायनरचा किंगपिन, म्हणजे चाक ज्याभोवती वळतं तो उभा दांडा, वर आणि खाली ट्रनियन नावाच्या जोडांमध्ये आट्यांवर बसलेला असतो. स्टिअरिंग फिरवलं की ते आटेच एकमेकांत फिरतात. तिथे ग्रीस पोचत राहिलं तर वर्षानुवर्षं काही होत नाही. ग्रीस थांबलं की आटे झिजतात, आणि एके दिवशी खालचं टोक सुटून चाक मडगार्डखाली आडवं होतं. बहुतेकदा हे गाडी लावताना, पूर्ण वळण घेताना होतं. पण ते भर वेगातही होऊ शकतं. चाकाला वर-खाली झटका द्या. खेळ जाणवला तर ते सुटं केल्याशिवाय गाडी हलवू नका.

हे लिहिण्याचं कारण असं की लोक "सुरक्षिततेसाठी" म्हणून डिस्क लावतात आणि खाली झिजलेला ट्रनियन तसाच राहतो.

आता ब्रेक. अकरा वर्षं उभ्या गाडीचे ब्रेक जाम आहेत, त्यावरून मूळ ब्रेक कसे होते ते कळत नाही. तुमची गाडी १०९८ ची, म्हणजे पुढचे ड्रम आठ इंची. आधीच्या गाड्यांना सात इंची होते. पुढे दोन्ही शू लीडिंग, म्हणजे ड्रम फिरताना दोन्ही शू आपसूक ओढून घेतले जातात. नवे व्हील सिलिंडर, नवे लायनर, नवे नळ्या-पाइप, ताजं ब्रेक ऑइल एवढं झालं की ही गाडी सरळ रेषेत थांबते. पुढच्या प्रत्येक चाकाला दोन अ‍ॅडजस्टर असतात, मागे एकेक. निम्मे लोक पुढचा एकच फिरवतात आणि मग "ड्रम भिकार" म्हणतात. चाक काढा, ड्रमच्या तोंडावरच्या भोकातून एक आवळा, मग ड्रम अर्धा वळवा, दुसरा आवळा.

खऱ्या उणिवा दोन. लांब उतारावर ड्रम तापले की पेडल दाबूनही जोर लागत नाही. आणि सगळा ब्रेक एकाच सर्किटवर आहे. एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो, मग उरतो फक्त हँडब्रेक. पेडलचा दाब ब्रेकपर्यंत पोचवणारा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फ्लोअरखालच्या पोकळ पट्टीत आहे. हात पोचत नाही म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. तुम्ही बघा.

मूळरंग

रंग खडूसारखा पडलाय म्हणजे रंग संपलाय असं नाही. हातभर जागेवर बारीक पॉलिश करून पाहा. वरचा मेलेला थर निघाला की खालून हिरवा येतो. आला, तर कृपा करून ही गाडी खरवडू नका.

१९६५ साली कारखान्यात बसलेला रंग, शिवलेली सीट, आत्याच्या हातानं गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग पुन्हा बनवून मिळत नाही. नवा रंग कितीही सुंदर असला तरी तो आजचा असतो. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघानं, फिवानं, २०१२ मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली. तिचा क्रम मला फार पटतो: आधी जे आहे ते टिकवा, मग गरजेपुरती डागडुजी, आणि पूर्ण जीर्णोद्धार सगळ्यात शेवटी. सुरक्षिततेसाठी बदल करावेच लागले तर ते डोळ्यांत न भरणारे आणि परत फिरवता येण्यासारखे असावेत, काढलेले मूळ भाग गाडीबरोबर सांभाळावेत, असंही त्यात आहे.

तुमचे दोन्ही बेत मला घाईचे वाटतात. पहिल्या बेतातही तुम्ही आत्याची गाडी पुसूनच टाकणार आहात.

लांबपल्ला

माझ्या मायनरमध्ये १२७५ आहे, पुढे डिस्क, पाच गिअर. नऊ वर्षं झाली. आम्ही चौघं तिच्यातून लांबचे प्रवास करतो आणि एकदाही ती टो करून आणावी लागलेली नाही.

मूळ चार गिअरमध्ये ताशी ८० किलोमीटरला इंजिन तीन हजार आरपीएमच्या वर ओरडत असतं. तासाभरानं डोकं भणभणतं. आजच्या रस्त्यावर मागून ट्रक अंगावर येत असताना १०९८ ची ४८ अश्वशक्ती पुरत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. त्रास झाला की माणूस गाडी बाहेर काढणं टाळतो, आणि टाळलेली गाडी सडते. माझी गाडी बदलांमुळेच जिवंत राहिली.

आणि १२७५ म्हणजे काही परकं इंजिन नव्हे. १९५१ साली सुरू झालेली ए-सीरिज ही इंजिनांची मालिका २००० सालापर्यंत बनत होती. मायनरमध्येच आधी ८०३, मग ९४८, मग १०९८ बसलं. १२७५ त्याच घराण्यातलं. माझं जुनं १०९८ तेल भरून, तोंडं बंद करून स्टँडवर ठेवलंय. उद्या कुणाला वाटलं तर दोन दिवसांत परत बसेल.

मूळरंग यांना एक विचारतो, मूळ म्हणजे नेमकं कुठलं? मायनर बाजारात यायच्या आधी तिचे रचनाकार इसिगोनिस यांना ती अरुंद वाटली. त्यांनी नमुन्याची गाडी मधोमध उभी कापून घेतली, दोन्ही भाग चार इंच लांब सरकवून पाहिले आणि तेच माप कायम केलं. बोनेटच्या मधोमध जी सपाट पट्टी दिसते ती त्या चार इंचांची. जन्माआधीच जिच्यावर करवत चालली तिला बदलाचं वावडं कसं असेल?

मूळरंग

लांबपल्ला, ती पट्टी मला मायनरमध्ये सगळ्यात प्रिय आहे. पण तो निर्मात्याचा निर्णय होता, उत्पादनाआधीचा, आणि तो गाडीवर दिसतो. १९४८ ची मायनर ९१८ सीसी साइड-व्हॉल्व्ह इंजिनाची, तिचे हेडलाइट खाली जाळीत. १९५६ पासून समोरची काच एकसंध. यातलं प्रत्येक रूप आपापल्या वर्षापुरतं मूळ आहे. १९६५ च्या गाडीचं मूळ १९६५ मध्येच शोधायचं.

तुमचं इंजिन परत बसेल हे मान्य. पाच गिअरसाठी काय काय कापलंत तेही लिहा ना.

लांबपल्ला

लिहितो, लपवण्यासारखं काही नाही. क्रॉसमेंबर, म्हणजे गाडीच्या पोटाखालची आडवी तुळई, कापावा लागला. माझ्याकडे आलेल्या गिअरबॉक्सचं बूड त्याच्या आड येत होतं. त्याच क्रॉसमेंबरला पुढच्या टॉर्शन बारची (पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळयांची) मागची टोकं अडकवलेली असतात, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनचा भार तिथे येतो. ज्या गॅरेजनं पहिल्यांदा काम केलं त्यांनी कापून वर एक पट्टी ठोकून दिली. वर्षभरात तिथे चीर गेली. दुसऱ्याकडून सगळं नव्यानं, जाड पत्र्याचं बनवून घ्यावं लागलं.

पाच गिअरचा पश्चात्ताप नाही. कापल्याचा आहे. आज करायचं असतं तर न कापता बसणारी सोय मिळेपर्यंत थांबलो असतो.

पत्रा_वेल्डिंग

या मुद्द्यावर मी येणारच होतो. मी पत्र्याचं काम करतो. मायनरला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस. फ्लोअर, सिल (दारांखालची पोकळ कड), क्रॉसमेंबर, मागच्या स्प्रिंगचे हँगर हे सगळं मिळून गाडीचा कणा. तुमचा जॅकिंग पॉइंट बोटानं दबतोय म्हणजे आतली सिलही गेलेली असणार. मागच्या स्प्रिंगचे हँगर हातोडीनं हलकेच ठोकून आवाज ऐका. खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर तिथे पत्रा नाही, पुट्टी आणि अंडरकोट आहे.

काम करताना दारं काढू नका. आधी चारही दारांच्या फटी मोजून लिहून ठेवा. एका वेळी एकाच बाजूची सिल कापा, आत आडवी पट्टी टाकून बॉडी धरून ठेवा, दर थोड्या वेल्डिंगनंतर दार लावून पाहा. माझ्याकडे एक गाडी आली होती, कुणीतरी दोन्ही सिल एकदम काढल्या होत्या. मधोमध बॉडी बसली. मागचं दार लावायला खांदा द्यावा लागत होता. ते सरळ करायला मला मूळ कामाच्या दुप्पट दिवस लागले.

हे काम तुमच्या दोन्ही बेतांत सारखंच आहे. ते व्हायला महिने लागतील. तोवर ठरवण्याची घाई कशाला?

आणि तो पेडलवरचा ठोकळा. काढण्याआधी फोटो टाका आणि आत्यांना विचारा. जुन्या गाडीत लाकूड उगाच कुणी बसवत नाही.

वायर_जोडणी

माझ्या दोन मायनरचं वायरिंग मी स्वतः केलंय, म्हणून थोडं सविस्तर.

डायनामो साधारण २२ अँपिअर देतो, तेही इंजिन फिरत असताना. सिग्नलला उभं राहिलं की लाल दिवा मिणमिणतो आणि बॅटरीतून खर्च सुरू होतो. हेडलाइट आणि वायपर एवढंच चालवणार असाल तर डायनामो पुरतो. हीटरचा पंखा, फोनचं चार्जिंग, जादा दिवे असं वाढलं की अल्टरनेटर घ्या. तो बोल्टवर बसतो, जुना डायनामो फडक्यात गुंडाळून ठेवता येतो.

पण ही गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं आहे; हे विसरून अल्टरनेटर लावलात तर तो पहिल्या क्षणी जळेल. आधी निगेटिव्ह अर्थ करायचं, बॅटरीची टोकं उलटी, इग्निशन कॉइलच्या वायरी उलट्या. बल्बना फरक पडत नाही. बोनेटखाली मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा, पुढच्या मेकॅनिकसाठी.

माझ्या मते सगळ्यात गरजेचा बदल बाहेरून दिसतच नाही. मायनरच्या फ्यूजबॉक्समध्ये दोनच फ्यूज आहेत आणि हेडलाइटला एकही नाही. साठ वर्षांची वायर मडगार्डच्या कडेला घासली तर थेट बॅटरीचा प्रवाह, मध्ये अडवणारं कुणी नाही. रिले आणि फ्यूज टाका, डॅशखाली लपतात. मूळरंग यांनाही यात वावगं वाटू नये.

मूळरंग

अजिबात नाही. माझ्याही गाडीत आहेत.

नवा_चालक

मी इथे नवीन आहे, पण विचारतो. बदल करायचाच तर थेट इलेक्ट्रिक का नको?

ग्रीसगन

प्रश्न रास्त आहे. मायनर जेमतेम पाऊण टनाची. बॅटरीचं वजन कुठे बसतं त्यावर ब्रेक, स्प्रिंग, वळणावरची पकड सगळं नव्यानं जुळवावं लागतं. करणारे चांगलं करतात. पण परत फिरायची वाट ठेवणारे थोडे. अ‍ॅस्टन मार्टिननं २०१८ मध्ये १९७० च्या डीबी६ वर एक प्रयोग दाखवला होता: सगळी इलेक्ट्रिक यंत्रणा एका पेटीत, आणि ती मूळ इंजिन-गिअरबॉक्सच्याच माउंटिंगवर. म्हणजे पेटी काढली की जुनं इंजिन परत जागेवर. मला त्यातली ती माउंटिंगची गोष्ट आवडली.

मायनरच्या बाबतीत मी नाही करणार. एसयू कंपनीचा पेट्रोल पंप किल्ली फिरवल्यावर टकटक करत भरतो आणि मग गप्प होतो, त्या आवाजासाठी मी ही गाडी ठेवली आहे. हे कारण तुम्हाला पुरेसं वाटलं नाही तरी चालेल.

पेट्रोलवरून आठवलं, हिरवी_मायनर. ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलसाठी बनलेली. आता ते जगात कुठेच रस्त्यावरच्या गाड्यांना मिळत नाही, २०२१ मध्ये शेवटच्या देशानंही बंद केलं. शिशाशिवाय एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट हळूहळू खचते. टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा) गॅप थंड इंजिनावर बारा थाऊ, म्हणजे ०.३० मिलिमीटर ठेवा. तो पुन्हापुन्हा कमी होत असेल तर सीट खचते आहे असं समजा. हेड कधी उतरवलंत तर कडक सीट बसवून घ्या. आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला मऊ करतं, म्हणून पेट्रोलच्या सगळ्या नळ्या आजच बदला.

हिरवी_मायनर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन बातम्या.

डाव्या चाकाला खेळ आहे. खालचा ट्रनियन सुटा केला, आट्यांच्या कडा ब्लेडसारख्या झाल्यात. उजवा ठणठणीत. डाव्या बाजूचं ग्रीस निपल मातीनं बुजलं होतं, ग्रीसगन मारली तरी आत काहीच जात नसणार. हे मी डिस्क लावून तसाच चालवत सुटलो असतो, ग्रीसगन.

दुसरी बातमी ठोकळ्याची. मी तो काढून भंगाराच्या डब्यात टाकला होता. पत्रा_वेल्डिंग यांचं वाचून आत्याला फोन केला. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "अरे, माझा पाय पोचायचा नाही."

आत्याची उंची पाच फुटांच्या आत. सीट पूर्ण पुढे घेऊनही क्लच शेवटपर्यंत दाबला जात नसे, आणि या गाडीच्या पहिल्या गिअरला सिंक्रो (दातांचा वेग जुळवून घेणारी सोय) नाही, क्लच पुरता दाबला नाही तर दात घासतात. तिनं सुताराकडून सागाचा ठोकळा करून घेतला, पाठीमागून दोन बोल्ट. डॅशबोर्डची भोकं तिच्या वाचायच्या दिव्याची. कामासाठी रात्री-अपरात्री फिरायची, दिव्याखाली वही लिहायची. काचेशी असलेला जादा दिवा ब्रेकचा, एकदा मागून कुणीतरी धडकल्यावर तिनंच लावून घेतला.

वही मिळाली. पाठपुठ्ठा गेलाय. किलोमीटर, पेट्रोल, तेल, आणि दर दोन-तीन पानांनी "ग्रीस, चारी".

ठोकळा डब्यातून काढून धुतला. डावी कड बुटाच्या आकारात झिजली आहे, अंगठा बरोबर बसेल एवढी.

पत्रा_वेल्डिंग

वही स्कॅन करून ठेवा. कागद गाडीच्या आधी जातो.

लांबपल्ला

माझा सल्ला बदलतो. इंजिन-गिअर आत्ता नको. आहे तशी दुरुस्त करा, वर्षभर चालवा, कुठे त्रास होतो ते त्याच वहीत लिहा. मग ठरवा. मी हे केलं नव्हतं, मी कागदावर यादी करून सगळं एकदम केलं.

हिरवी_मायनर

सात महिन्यांनी लिहितोय.

फ्लोअर, दोन्ही सिल, दोन्ही बाजूंचे जॅकिंग पॉइंट, मागचा एक हँगर नवा. दारांच्या फटी आधीपेक्षा एक मिलिमीटरही हलल्या नाहीत. दोन्ही बाजूंचे ट्रनियन नवे. इंजिन मूळचंच, हेड उतरवावं लागलं म्हणून कडक सीट बसवल्या. गिअरबॉक्सला हात लावला नाही. निगेटिव्ह अर्थ, रिले, फ्यूज झाले. डायनामो ठेवला.

ब्रेकवर घरात बरीच चर्चा झाली. आधी ड्रम पूर्ण नवे करून आम्ही तिघं रिकाम्या घाटरस्त्यावर गेलो. सपाटीवर छान थांबते. लांब उतारावर तिसऱ्या वळणाला पेडल मऊ लागलं, वास आला. मी गाडी कडेला घेतली, लेकीकडे पाहिलं आणि निर्णय झाला. पुढे डिस्क आणि दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर. सगळं बोल्टवर, काहीही कापलेलं नाही. काढलेले ड्रम, शू, जुना सिलिंडर तेल लावून पेटीत ठेवलेत, पेटीवर तारीख आहे. बेल्टसाठी बॉडीत जाड पत्र्याच्या पट्ट्या वेल्ड केल्या. ते परत फिरणारं नाही, पण तिथे मी दुसरा विचार केला नाही.

रंग मूळरंग यांनी सांगितल्याप्रमाणे पॉलिश केला. छपरावर आणि डाव्या मडगार्डवर पातळ झालाय, खालचा प्रायमर दिसतो. तसाच ठेवलाय. नव्या सिलवर मात्र जुळवून मारलेला रंग आहे, उन्हात फरक कळतो.

वाचायचा दिवा जोडला. मागचा ब्रेकचा दिवाही. ठोकळा माझ्या गुडघ्याला अडतो, म्हणून एरवी तो दाराच्या कप्प्यात असतो. गेल्या रविवारी पुन्हा पेडलवर आवळला आणि गाडी आत्याकडे नेली.

तिनं दार धरून स्वतःला आत ओढलं, सीट पुढे घेतली, डावा पाय ठोकळ्यावर ठेवला. गाडी चालवली नाही. दोनदा क्लच दाबून सोडला. मग दिवा लावून पाहिला आणि वही मागितली.

आकडा वाचून लिहिला. मग पेन तसंच धरून विचारलं, "ग्रीस कधी मारलंस?"

मी तारीख सांगितली.

"चारी?"

"चारी."

ग्रीसगन

डोळे भरून आले. पाचशे किलोमीटर झाले की मागच्या ड्रमचे अ‍ॅडजस्टर पुन्हा बघा, नवे लायनर बसतात तसा गॅप वाढतो. तेही वहीत लिहा.